कुडापलीकडची पंगत

माझं माहेर देवरुखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथे मासळी यायची ती सुकी, तीही बाजाराच्या दिवशी, तेव्हा लग्न होऊन रत्नागिरीत आले त्या वेळी मला ताजा बांगडा साफ करता येत नव्हता हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या हातच्या मासळीचं नाव झालं तेव्हा लोक म्हणायला लागले की हिचं काय, ही समुद्राकाठचीच. समुद्राकाठची नव्हे हो. शिकले. सासूने एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवायची तिला सवय नव्हती. आम्ही वाणी, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सासऱ्यांचं दुकान होतं, आधी सासरे गेले, मग सासू, मग दुकान गेलं, मग आमचे हे गेले तापाने, आणि मागे राहिलं ते घर. रस्त्याला लागून लांबच लांब घर, पुढे पडवी, मागे विहीर आणि माडाची चार झाडं, आणि त्या घरात दोघी बायका, मी थोरली आणि माझी धाकटी जाऊ गंगू. गंगूचा नवरा, म्हणजे माझा दीर, मुंबईला गिरणीत, शिमग्याला येणार आणि पालखी देवळात गेली की परत जाणार. माझी एक मुलगी, ती पालीला दिली. रडत बसायला मला वेळ नव्हता आणि तुम्हालाही ऐकायला नसेल, म्हणून ते सोडते.

रत्नागिरीला बाहेरचा माणूस येतो तो दोन कामांनी. कोर्टात तारीख असते, नाहीतर मुंबईची बोट धरायची असते. तारीख पुढे जाते आणि बोट उशिरा येते, म्हणजे माणूस थांबतो, आणि थांबला की त्याला भूक लागते. पण भूक लागली म्हणून कुठेही पान मांडून बसला असं नाही. तुमच्या मुंबईत इराण्याकडे कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा पितो म्हणे, दीर सांगतो, खरं असेल. इथे ब्राह्मण वरच्या आळीतल्या ब्राह्मणाच्या खाणावळीत जाणार. मुसलमानाला मटण हवं तर ते हलालच हवं, तो मशिदीमागे हमीदाबीकडे जाणार. आंब्याच्या दिवसांत मुंबईचे गुजराती दलाल येतात, त्यांना मासळीचा वाससुद्धा नको, त्यातल्या काहींना कांदा नको, लसूण नको, जमिनीखालचं काही नको. मासे खाणारा आपला माणूससुद्धा सोमवारी खात नाही, एकादशीला खात नाही, श्रावणात तर नाहीच. आता मला सांगा, बोटीतून पडावात आणि पडावातून वाळूत उतरलेल्या नवख्या माणसाला आपली चूल कोणती हे कळणार कसं?

तर त्यासाठी होता कासमभाई. छकडेवाला. बंदरावर बैल सोडून उभा असायचा, आणि बाकीचे छकडेवाले कुठे जायचं विचारायचे तर हा आधी विचारायचा, काय चालतं आणि काय चालत नाही? माणूस सांगायचा, आणि कासमभाई त्याला बरोबर त्या दारात नेऊन उतरवायचा. कधी चुकला नाही. कोणाचा धर्म विचारला नाही, जात विचारली नाही, काय चालत नाही एवढंच विचारलं, आणि त्यावरून सगळं ओळखलं. त्याचा छकडा ज्या दारात थांबेल त्या दारची चूल पेटणार. हे तुम्ही नीट लक्षात घ्या, कारण पुढे मी जी जळले ती त्या छकड्यापायी जळले.

खाणावळ आम्ही दोघींनी मिळून काढली. माझं डोकं, माझा हात, गंगूने वाटण वाटायचं आणि पाणी आणायचं. पावसाळा सरला की बोटी सुरू, नारळी पुनवेपासून गलबतं सुरू, पडवीत पंगत बसायची. बाणकोट, जयगड, विजयदुर्ग, तिकडच्या गलबतांवरचे खलाशी यायचे, त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. मुसलमान खलाशी माझ्याकडे मासळी खायचे. मासळीला सुरी फिरवावी लागत नाही, तिला हलाल करायचं नसतं, पाण्यातून आली की झाली, म्हणून ते हिंदूच्या घरची मासळी खातात, फक्त भांड्यात दुसरं काही शिजलेलं नको. त्यांची पंगत पडवीच्या एका कडेला, केळीच्या पानावर, पाणी त्यांचं त्यांच्या तांब्यातलं. त्यांचा तांडेल, गलबतावरचा म्होरक्या, होता यूसुफ, मोठा माणूस, पांढरी दाढी, आला की दारातून विचारायचा, बाय, आज काय हाय? मी सांगायचे सुरमई, आणि तो मागे वळून आपल्या माणसांना सांगायचा, बसा. एवढंच आमचं बोलणं. पण ते बसा मला फार आवडायचं.

आणि मग गंगूने माळ घातली. तिच्या माहेरी बापाचे गुरू आले होते, ही चार दिवसांसाठी गेली आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आली. कोणाला विचारलं नाही. मी तव्यावर बांगडे लावले होते, ही दारात उभी, आणि म्हणते कशी, जाऊबाई, आजपासून मला हे शिवायचं नाही. मी म्हटलं, नको शिवूस, वाटण तरी वाटशील? तर म्हणते, मासळीचं नाही वाटणार. मग काय घरात बसून जप करणार? तर म्हणते, मी वेगळी चूल मांडते. भांडली नाही हो, तेच तर. भांडली असती तर मी जिंकले असते. ती हळू बोलते, खाली बघून बोलते, आणि करायचं तेच करते. स्वयंपाकघरात मधोमध कूड घातला, कारवीच्या काठ्या आणि वर शेणामातीचं लिंपण, पडवीतही आडवी पट्टी मारली, आणि एका घराची दोन दारं, दोन खाणावळी झाल्या. अलीकडे मी, मासळी. पलीकडे ती, भाजी आणि भात. सगळी आळी हसली. बंदराच्या रस्त्यावर उभं राहून कुळथाची पिठी विकणार म्हणे. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मी सगळ्यांत जास्त हसले.

मग एक एक यायला लागले. आधी गुजराती दलाल. ते आजवर स्वतः दगड मांडून खिचडी शिजवायचे, कासमभाईने त्यांना गंगूच्या दारात उतरवलं, आणि तिने त्यांना कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही असं जेवण वाढलं, केळफुलाची भाजी, ओल्या काजूची उसळ, कोकमाचं सार. मग सोमवारवाले. मग एकादशीवाले, त्यांना वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. माझीच गिऱ्हाइकं हो. शनिवारी माझ्याकडे मोरी माशाचं कालवण खाल्लेला माणूस सोमवारी माझ्या दारावरून तिच्या दारात जायचा, आणि जाताना मला हात करून जायचा. कूड पातळ. पलीकडे पानं मांडल्याचा आवाज यायचा, पाण्याचा शिपका मारल्याचा यायचा, वाढा वाढा यायचं. मी इकडे खवणीवर नारळ खवत कान तिकडे लावून असायचे. बोट कापलं एकदा, तरी कळलं नाही.

एक मास्तर आले. खादीचे कपडे, चष्मा, सत्याग्रहात तुरुंग बघून आलेले. ते आधी माझ्या दारात आले, मी म्हटलं मासळी नको तर गरम भात, वरण आणि तूप वाढते, आमच्या घरचं म्हशीचं तूप. आणि मी मानाने त्यांच्या भातावर धार सोडली. ते पानावरून मागे सरले. म्हणाले, बाई, मी दूध, दही, तूप, ताक काहीच घेत नाही, दूध वासराचं असतं. मी आयुष्यात ऐकलं नव्हतं असं काही. मी म्हटलं, अहो मास्तर, आमच्या म्हशीचं रेडकू केव्हाच मोठं झालं. ते हसले, पण उठले, आणि कुडापलीकडे गेले. आणि आमचं कोकणातलं जेवण कसं, नारळाच्या रसात आणि खोबरेलात, त्यात दुधाचा संबंध येतोच कुठे? गंगूला वेगळं काही करावंच लागलं नाही. फणसाची भाजी, पिठी, सोलकढी. मास्तर म्हणाले की पुण्यात तूप नको म्हटलं की लोक भांडायला उठतात, इथे मला काही सांगावंच लागलं नाही. हे त्यांनी मोठ्याने म्हटलं. मला ऐकू आलं. तोच नारळ, तेच कोकम, माझ्याच विहिरीचं पाणी, आणि नाव तिचं.

पण मला खरी आग लागायची ती दुसऱ्याच गोष्टीने. ती आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची. माणूस दारात उभा, उपाशी, पंचा खांद्यावर, आणि ही त्याला म्हणायची, आज तुमच्याजोगं नाही, उसळीत लसूण पडलाय. नाहीतर म्हणायची, आज हिंग संपला म्हणून बाजारातून दुसरा आणला, त्यात काय मिसळलंय मला ठाऊक नाही, तुम्ही सार-भात तेवढा खा. अगो बाय, कोण विचारतंय तुला हिंगाचं? मी एकदा कुडातून ओरडले, गंगू, धंदा करतेस की कीर्तन? तर पलीकडून हळूच, जाऊबाई, त्याला घरी जाऊन कळलं तर? मी म्हटलं, कळायचं कसं, हिंग बोलतो? आणि एवढं करून तिचं दार भरलेलं. ज्याला परत पाठवला तो दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन यायचा. आता ह्याला काय म्हणाल तुम्ही? मी कोणाला परत पाठवलं नाही, सगळ्यांना या या केलं, आणि माझी पडवी निम्मी.

आणखी सांगते. तिच्या कपाळाला कुंकू होतं, माझं गेलेलं. ती काळी, बारीक, दिसायला काही नाही, पण कुंकू मोठं लावायची. मला फक्त शिमग्यात बरं वाटायचं. माझा दीर मुंबईहून यायचा, ट्रंक तिच्या दारात ठेवायचा, पाय धुवायचा, आणि जेवायला माझ्याकडे. म्हणायचा, वैनी, पापलेट आहे काय? मी मुद्दाम कुडाला चिकटून त्याचं पान मांडायचे, आणि मोठ्याने म्हणायचे, घ्या हो भावोजी, आणखी एक तुकडा घ्या, मुंबईत कुठे मिळणार. ते आठ दिवस मी वर्षभर पुरवून वापरायचे.

आता बोकडाचं ऐका. माझ्या माहेरच्या गावी देवीला बोकड कापतात. त्या वर्षी भावाचा मान होता. तो देवीचा वाटा घेऊन आला, चांगली मांडी, आंब्याच्या पानात बांधलेली, बैलगाडीने पालीपर्यंत आणि तिथून कासमभाईचा छकडा. माझ्या डोक्यात त्या दिवसांत एकच, गंगूकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे पाहिजे. पिठीसमोर मटण ठेवलं तर कोण जाईल तिकडे? मोठा टोप एकच होता, मासळीच्या कालवणाचा, तो घासला, वाळूने घासला, राखेने घासला, चिंचेने घासला, आणि त्यात मटण टाकलं. काय वास सुटला होता! कोर्टाचे पक्षकार तुटून पडले. सोमवारवालेसुद्धा चुळबुळ करत होते. त्या दिवशी पलीकडची पंगत मला ऐकूच आली नाही, माझ्याकडेच एवढा गलका होता.

दुसऱ्या दिवशी यूसुफ तांडेल आला. बाय, आज काय हाय? मी म्हटलं, सरंगा. तो बसा म्हणाला नाही. उभा राहिला, मग म्हणाला, बाय, टोप तोच काय? मला क्षणात कळलं. नुसतं हलाल नाही एवढंच नव्हे, देवीपुढे कापलेलं. त्यांना ते अजिबात चालत नाही, भांड्यालासुद्धा नाही. मी म्हटलं, घासलाय, आरशासारखा घासलाय, येऊन बघा. तो म्हणाला, तुमचा दोष नाय बाय, तुमचा देव, तुमचं घर. पण आमी उठताव. त्याने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. आणि ते उठले, पानं तशीच, आणि हमीदाबी लेकीकडे गेली होती म्हणून तिचं दार बंद, तर ते गेले कुठे? पलीकडे. दर्यावर्दी माणसं, मासळीवर वाढलेली, माझा सरंगा टाकून गंगूच्या पडवीत बसली आणि कुळथाची पिठी भुरकली. मी कुडाला कान लावून ऐकलं. त्यांनी आणखी भात मागितला.

मी पदर खोचला आणि तिच्या चुलीपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, तू सांगितलंस. टोपाचं तूच सांगितलंस त्यांना. ती पिठी ढवळत होती. म्हणाली, नाही. काल विचारत होते, मी म्हटलं थोरल्या बाईंना विचारा. मी तुमच्या चुलीचं कशाला सांगू? मी म्हटलं, खोटं बोलतेस, गळ्यात माळ घालून खोटं बोलतेस. तिने पळी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, जेवलात का तुम्ही? असली बाई आहे ती. मी तशीच परत आले. पुढे कळलं की माझ्या भावानेच छकड्यात बसून कासमभाईला सगळं सांगितलं होतं, देवीचा वाटा म्हणजे काय, मान म्हणजे काय, मोठ्या कौतुकाने. भावाला मी काही बोलले नाही. भाऊ तो भाऊ. आणि गंगूला काय बोलणार, बोलण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

त्यानंतर छकडा माझ्या दारावरून सरळ पुढे जायला लागला. तीन घरं सोडून नव्हे हो, पलीकडच्याच दारात थांबायचा, बैलांची तोंडं माझ्या पडवीसमोर. खलाशी बंद झाले म्हणजे माझा निम्मा धंदा बंद झाला, चूल एक वेळच पेटायची. मी कासमभाईला गाठलं. म्हटलं, काय हो, माझ्या दारात काय साप निघाला? तो म्हणाला, वैनी, ते मला विचारतात टोप कुठला. मी चांगला म्हणून सांगितलं आणि तो चांगला नसला तर उद्या माझ्या छकड्यात कोण बसणार? मी म्हटलं, टोप बदलला तर? तो म्हणाला, तर मी सांगेन बदलला म्हणून. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही सांगणार.

मग मी बघायलाच लावलं. तांबटाकडून नवा टोप घेतला, आणि तो डोक्यावर घेऊन आले नाही, कासमभाईच्या छकड्यात मधोमध ठेवून बंदरावरून फिरवून आणला, सगळ्यांना दिसायला पाहिजे. कल्हईवाल्याला पडवीत बसवलं, रस्त्यावरच्या बाजूला, भाता चालू, नवसागराचा धूर, जाणारा येणारा थांबून बघतोय. जुना टोप पालीच्या गाडीत घातला आणि भावाला निरोप दिला, तुझा मान तुझ्याकडे ठेव. आणि चूल आतून काढून पडवीत मांडली, म्हणजे काय शिजतंय ते रस्त्यावरून दिसावं. आणखी काय करणार? आता तरी येतील, म्हटलं.

आले. यूसुफ तांडेल आणि त्याची माणसं छकड्यातून उतरली, कासमभाईने हाताने नवा टोप दाखवला, तांडेलाने तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडच्या दारात गेला. माझ्या हातात पळी तशीच. मग मला त्याचा आवाज आला. तो जेवायला गेला नव्हता, विचारायला गेला होता. म्हणाला, धाकट्या बाय, थोरलीचा टोप नवा हाय म्हणतात, खरं काय?

काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं नाही, मी फक्त ऐकत राहिले. तिने काहीच सांगितलं नसतं तरी माझं संपलं होतं. थोरल्या बाईंना विचारा म्हणाली असती, जसं आधी म्हणाली होती, तरी संपलं होतं. आणि मी तिला माळेवरून बोलले होते, तिच्या नवऱ्याला कुडाला टेकवून पापलेट वाढलं होतं, हे तिला आठवत नसेल असं नाही. ती म्हणाली, नवा आहे. माझ्यासमोर कल्हई केली. जुना गेला गावाला, मी गाडीत ठेवताना बघितला. आणि म्हणाली, पण तिचं कालवण तिखट असतं, पाणी घेऊन बसा.

तांडेल आला आणि म्हणाला, बसा. ते जेवले, पुन्हा मागून जेवले. मी वाढत होते आणि आतून धुमसत होते. तुम्ही म्हणाल, का? धंदा परत आला, जावेने साक्ष दिली, आणखी काय हवं होतं बाईला? अहो, माझा टोप, माझी कल्हई, माझी चूल रस्त्यावर मांडलेली, डोळ्यांनी दिसतंय सगळं, आणि तरी तिने हो म्हटल्याशिवाय ते खरं नाही! तिखट असतं म्हणे. तिखट असायचंच ते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भेटलो तेव्हा मी तिची घागर भरून कठड्यावर ठेवली, बस्स. तिने घागर उचलली आणि गेली.

आता इतकी वर्षं झाली. माझे केस पिकले, तिचेही पिकायला लागलेत, तिचे उशिरा, तेही आहेच. आताशा बोटीवरून उतरलेला माणूस दोन्ही दारांत येतो, कासमभाई म्हातारा झालाय पण बंदरावर असतो. माझी पडवी भरते. पण अजून नवखा कोणी आला की आधी पलीकडे डोकावतो आणि विचारतो, अलीकडचं कसं आहे? आणि ती सांगते, चांगलं आहे. कधी म्हणते, आज सुरमई ताजी आहे, मी सकाळी टोपलीत बघितली. मासळी न शिवणारी बाई माझ्या सुरमईची हमी देते, आणि लोक मानतात! मी मेल्यावर माझ्या पिंडाला शिवायच्या आधी कावळासुद्धा तिच्या अंगणात जाऊन विचारून येईल, शिवू काय म्हणून. आणि ती शीव म्हणेल. ते मला माहीत आहे. तेवढं मला माहीत आहे.

बरं, तुम्ही इतका वेळ बसलात, लिहून घेतलंत, आणि मासे खात नाही म्हणता. मग इथे बसून काय करणार, चुलीवर आज मोरी आहे आणि पळी त्याच टोपात फिरलेली आहे. उठा. पलीकडच्या दारात जा, सांगा थोरलीने पाठवलंय, ती पानात काही कमी पडू देणार नाही. तुमचं चांगलं होवो, पोरंबाळं सुखात राहोत. फक्त पिठी चांगली झाली होती असं मला येऊन सांगू नका.